इंजिनाचा मेंदू आपल्या कार्यशाळेत घडू द्या

आपल्या शाळेच्या मागील बाजूस असलेल्या कार्यशाळेच्या खोलीचे काय करायचे, हा प्रश्न सध्या विश्वस्त मंडळापुढे आहे. तांत्रिक विषयाचे वर्ग बंद झाल्यापासून ती खोली बहुतेक वेळ कुलपातच असते. लेथ मशीनवर ताडपत्री आहे, वाईसचे स्क्रू गंजत चालले आहेत. त्या जागी आणखी एक डिजिटल वर्ग करावा, भिंतीवर मोठा पडदा बसवावा, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. तरीही आमचे मत वेगळे आहे, आणि निर्णय होण्यापूर्वी ते पालक, विद्यार्थी व विश्वस्त या सर्वांपुढे यावे म्हणून हा लेख. आम्ही म्हणजे त्याच खोलीत कानस धरायला शिकलेले काही माजी विद्यार्थी आणि आज शाळेत विज्ञान व गणित शिकवणारे काही शिक्षक.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. ती खोली मोडू नये. तिथे नववी ते अकरावीच्या मुलामुलींनी मिळून दोन वर्षांत एकच वस्तू बनवावी : मोटारीचे इंजिन चालवणारा संगणक. विकत आणलेला नव्हे, तर स्वतः झाळलेला, स्वतः तपासलेला आणि भंगारातून आणलेल्या खऱ्या इंजिनावर चालून दाखवणारा.

हे ऐकून अनेकांच्या भुवया उंचावतील. गाडीचा संगणक मोठमोठे कारखाने बनवतात, शाळेतली मुले काय बनवणार? म्हणून हा संगणक नेमके करतो काय, ते आधी पाहू.

अर्ध्या थेंबाचा हिशेब

बडोद्याच्या रस्त्यांवर ज्या गाडीने एका पिढीला मोटार चालवायला शिकवले, त्या मारुती ८०० चे उदाहरण घेऊ. तिचे इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, सिलिंडर तीन. म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे २६५ घनसेंटिमीटर. पिस्टन खाली जाताना तेवढी हवा पूर्ण भरली, असे धरू. एक लिटर हवेचे वजन साधारण १.२ ग्रॅम, तेव्हा ही हवा झाली सुमारे ०.३२ ग्रॅम. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. भागाकार केला की उत्तर येते सुमारे २२ मिलिग्रॅम पेट्रोल. पाण्याच्या एका थेंबाच्या जवळजवळ निम्मे!

एवढेसे पेट्रोल दर खेपेस मोजून द्यायचे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर तीन सिलिंडरांना मिळून सेकंदाला ७५ वेळा द्यायचे. पेट्रोल सोडणारा इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडणारी एक छोटी तोटी. ती किती मिलिसेकंद उघडी ठेवायची, हेच संगणकाने ठरवायचे असते. मिनिटाला १५० घनसेंटिमीटर सोडणारा इंजेक्टर असेल, तर आपल्या २२ मिलिग्रॅमसाठी तो साधारण १२ मिलिसेकंद उघडा हवा. इंजिन नुसते घुरघुरत उभे असताना हवा कमी आत येते, तेव्हा चार-पाच मिलिसेकंद पुरतात.

आता हवा नेहमी सारखी नसते. आपल्याकडे जानेवारीत पहाटे १२ अंश असतात आणि मे महिन्यात दुपारी ४२. हवा तापली की विरळ होते. २८५ ला ३१५ ने भागा. (सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे, हे अकरावीच्या मुलांना ठाऊक आहेच.) त्याच सिलिंडरात मे महिन्याच्या दुपारी जवळजवळ १० टक्के कमी हवा मावते, हे लगेच कळेल. पेट्रोल तितकेच दिले, तर ते अर्धवट जळेल आणि धूर होईल. म्हणून संगणकाला हवेचे तापमान कळावे लागते, हवेचा दाब कळावा लागतो, इंजिन गार आहे की गरम तेही कळावे लागते.

दुसरे काम ठिणगीचे. प्लगमध्ये ठिणगी कधी पडावी, हे क्रँकशाफ्टच्या कोनावर ठरते. मिनिटाला ३००० फेऱ्यांवर एक अंश फिरायला सेकंदाचा अठरा हजारावा भाग लागतो. ठिणगी फार लवकर पडली तर इंजिन ठोकते, उशिरा पडली तर जोर जातो आणि इंजिन तापते.

संगणकाला कोन कळतो तो एका दातेरी चक्रावरून. क्रँकशाफ्टवर ३६ दात्यांच्या आखणीचे एक पोलादी चक्र बसवतात आणि त्यातला एक दाता मुद्दाम काढून टाकतात. प्रत्येक दाता म्हणजे १० अंश. जिथे दाता नाही ती जागा म्हणजे मोजणीची सुरुवात. चक्राजवळचा सेन्सर दाते मोजत राहतो आणि रिकामी जागा आली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. अंधारात जिना उतरताना आपण पायऱ्या मोजतो, तसाच हा प्रकार. हे चक्र आपल्या कार्यशाळेत कापता येईल, आणि ताडपत्रीखालच्या लेथ मशीनला पुन्हा काम मिळेल.

हे घरी बनवलेले आहे

इंजिनाला विजेवर चालणारा मेंदू देण्याची कल्पना जुनी आहे. जर्मनीतील बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन पद्धत १९६७ साली फोक्सवॅगनच्या गाडीत आली. पुढे प्रत्येक कंपनीने आपापली पेटी बनवली आणि ती बंद ठेवली. आत काय आहे हे ग्राहकाने विचारू नये आणि गॅरेजवाल्याने उघडू नये, अशी रीत पडली.

अमेरिकेत ब्रूस बॉलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी २००१ साली ही रीत मोडली. त्यांनी मेगास्क्वर्ट नावाचा इंजेक्शन-संगणक तयार केला आणि त्याचा आराखडा व आज्ञावली लोकांना वाचता येईल अशी ठेवली. सुटे भाग मागवायचे, सूचना वाचायच्या आणि आपल्या हाताने एकेक भाग झाळून पेटी पूर्ण करायची. जगभर हौशी लोकांनी घरच्या टेबलावर बसून या पेट्या बनवल्या आणि कार्ब्युरेटरवरच्या जुन्या गाड्या त्यांवर चालवल्या. त्या पहिल्या पेटीत मोटोरोलाची ८ बिटांची चिप होती. तिची कामाची स्मृती अवघी ५१२ बाइटची. आपण मोबाइलवर एकमेकांना जे सुविचार पाठवतो, त्यांतले बरेचसे त्या स्मृतीत मावणार नाहीत. तेवढ्यावर इंजिन उत्तम चालत असे.

त्यानंतर ऑस्ट्रेलियात जॉश स्ट्युअर्ट यांनी सुरू केलेला स्पीडुइनो हा प्रकल्प आला. तो आर्डुइनो मेगा या बोर्डावर चालतो. हा बोर्ड आपल्याकडच्या विज्ञान प्रदर्शनांत आता ओळखीचा झाला आहे. बागेला पाणी देणारी आणि हात दाखवला की उघडणारी कचरापेटी बनवणारी मुले ज्या बोर्डांच्या घराण्यातला बोर्ड वापरतात, त्याच घराण्यातला हा थोरला भाऊ. स्पीडुइनोचा आराखडा आणि आज्ञावली पूर्णपणे खुली आहे. कोणीही वाचावी, बदलावी, वापरावी. आपण सुरुवात याच मार्गाने करावी, असे आम्हांला वाटते.

पुस्तकातले धडे इथे भेटतात

आपली मुले ओहमचा नियम पाठ करतात, गणिते सोडवतात, गुण मिळवतात. पण त्या नियमाचे पुढे काय होते, हे त्यांना क्वचितच दिसते.

इंजिनाचे तापमान मोजणारा सेन्सर म्हणजे एक रोधक. पाणी गार असताना त्याचा रोध सुमारे २५०० ओहम असतो आणि पाणी ८० अंशांवर गेले की तो ३०० ओहमच्या आसपास येतो. त्याच्या जोडीला २५०० ओहमचा दुसरा रोधक लावून दोघांना मिळून ५ व्होल्ट दिले, की गार इंजिनावर मधल्या बिंदूपाशी अडीच व्होल्ट मिळतात आणि गरम इंजिनावर साधारण अर्धा व्होल्ट. संगणक तो व्होल्ट वाचतो आणि इंजिन तापले आहे हे ओळखतो. दहावीच्या पुस्तकातले एक गणित असे इंजिनाची नाडी पाहू लागते.

पेट्रोलचे प्रमाण एका कोष्टकात लिहिलेले असते. आडवे इंजिनाचे फेरे, उभा हवेचा दाब. १६ गुणिले १६ म्हणजे २५६ घरे. मिनिटाला २००० फेऱ्यांच्या घरात ५० आकडा आहे आणि २५०० च्या घरात ६०. मग २२०० फेऱ्यांवर काय घ्यायचे? उत्तर ५४. आपल्या आजोबांनी ज्याला त्रैराशिक म्हटले, तेच हे. पाचवीपासून शिकवलेले गणित इथे सेकंदात कितीतरी वेळा सोडवले जाते, आणि चुकले तर इंजिन खोकते.

आमच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. प्रदर्शनातल्या थर्मोकोलच्या प्रतिकृतीला परीक्षक हसून गुण देतात. पालकांनी रात्री जागून रंगवली असली तरी ती खपून जाते. इंजिन असे काही खपवून घेत नाही. ते कोणाचे आडनाव पाहत नाही, मागच्या परीक्षेची टक्केवारी विचारत नाही. जोडणी बरोबर असेल तर सुरू होते, नसेल तर होत नाही. आणि झाले नाही तर का झाले नाही, ते एकेक शक्यता तपासून शोधावे लागते. ठिणगीच्या विद्युत् गोंगाटाने संगणक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होतो. मग तारा कुठून न्यायच्या, बॅटरीचे ऋण टोक कुठे जोडायचे, हे शिकावे लागते. इंजेक्टर बंद होताना त्याच्या वेटोळ्यात उलटा विद्युतदाब उसळतो आणि नीट संरक्षण दिले नसेल तर ट्रान्झिस्टर जळतो. जळलेल्या एका ट्रान्झिस्टरची किंमत थोडी असते, पण तो का जळला हे ज्या मुलीने शोधून काढले ती स्वप्रेरणाचा धडा जन्मभर विसरणार नाही.

मुलीने, असे आम्ही मुद्दाम म्हटले. पूर्वी तांत्रिक विषय मुलांना आणि गृहविज्ञान मुलींना, अशी वाटणी असे. यावेळी गटात निम्म्या मुली असाव्यात, ही आमची पहिली अट आहे.

आपल्या गावाचा वारसा

ही कल्पना परदेशातून उचललेली आहे, असे कोणी म्हणेल. पण बडोद्याला ती नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली या गावात कलाभवन काढले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे त्याचे पहिले प्रमुख. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला या विद्या हातांनी शिकाव्यात आणि शक्य तेवढ्या आपल्या भाषांतून शिकाव्यात, हा त्यांचा आग्रह होता. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके काही काळ याच कलाभवनात शिकले. पुढे विद्यापीठ स्थापन झाल्यावर १९४९ साली कलाभवन त्यात सामील झाले आणि आजही अभियांत्रिकीच्या त्या विद्याशाखेला गावात लोक कलाभवन म्हणूनच ओळखतात.

सयाजीरावांना कलाभवन का काढावेसे वाटले असेल? दरबारी चाकरी आणि कारकुनी यांपलीकडे प्रजेने हात चालवावेत, कारागीर व्हावे, उद्योग करावा, हा त्यामागचा विचार होता. आपण मराठी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या या गावात राहिलो ती बरीचशी शिपाईगिरी, कारकुनी आणि शिक्षकी यांवर. त्याचा अभिमान आहेच. पण लेखणी धरणारा हात वरचा आणि पाना धरणारा हात खालचा, ही समजूतही आपल्या घरांत त्याबरोबरच मुरली. 'अभ्यास केला नाहीस तर गॅरेजात पाने मारत बसशील', हे वाक्य आपल्यापैकी किती जणांनी घरात ऐकले आहे! त्या गॅरेजातले आजचे काम पाहिले तर हे वाक्य उच्चारताना जीभ अडखळेल.

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि साध्या मोटारसायकलीतही बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्टर व संगणक आले. कानाने इंजिन ऐकून स्क्रू पाव फेरा फिरवणारे जुने मिस्त्री आज एका लुकलुकत्या दिव्यापुढे उभे आहेत. त्यांच्याकडे अनुभव आहे, पण पेटीत काय चालते हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. आपल्या मुलांकडे सूत्रे आहेत, पण त्यांनी इंजिन उघडलेले नाही. या दोघांना एका टेबलाभोवती बसवण्याची जागा म्हणजे ती कार्यशाळा. मिस्त्री गुजरातीत बोलतील, मुले मराठीत विचारतील, सुटे भाग आणि तक्ते इंग्रजीत असतील. बडोद्याच्या मुलांना या तिन्ही भाषांत वावरण्याची सवय आहेच. प्रयोगाची नोंदवही मात्र मराठीत लिहावी, असा आमचा आग्रह आहे. जी गोष्ट आपल्या भाषेत चार ओळींत सांगता येत नाही, ती आपल्याला पुरती समजलेली नसते.

बंद पेटी आणि नागरिक

या प्रकल्पाला आणखी एक बाजू आहे. ती केवळ भावी अभियंत्यांपुरती नाही, सर्वांसाठी आहे.

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाने २०१३ साली काही डिझेल गाड्यांच्या मागच्या भागात उपकरणे ठेवून कॅलिफोर्नियाच्या रस्त्यांवर त्यांचा धूर मोजला. त्या गटात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतातून तिकडे शिकायला गेलेले संशोधकही होते. प्रयोगशाळेत स्वच्छ ठरलेल्या फोक्सवॅगनच्या गाड्या रस्त्यावर नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या कितीतरी पट अधिक सोडताना दिसल्या. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने जाहीर केले, की या गाड्यांच्या संगणकात अशी आज्ञावली आहे, जी सुकाणू, वेग वगैरे पाहून 'आता परीक्षा चालू आहे' हे ओळखते आणि तेवढ्यापुरता धूर आवरते. परीक्षा संपली की पुन्हा मोकाट. जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांत हा प्रकार असल्याचे कंपनीला मान्य करावे लागले.

विद्यार्थी मित्रांनो, परीक्षकासमोर शहाणा आणि मागे उनाड, असा वर्गमित्र तुम्हांला माहीत असेल. इथे एका यंत्राला तसे वागायला शिकवले होते. ते बाहेरून कोणालाच दिसत नव्हते, कारण पेटी बंद होती. ते उघडकीस आले ते मोजमाप करण्याची सवय असलेल्या, 'असे का?' म्हणणाऱ्या थोड्या माणसांमुळे.

आज पेट्या केवळ गाडीत नाहीत. विजेच्या मीटरमध्ये आहेत, धुलाई यंत्रात आहेत, रुग्णालयात सलाइनचा वेग ठरवणाऱ्या पंपात आहेत. त्या आपल्या वतीने निर्णय घेतात. प्रत्येकाने प्रत्येक पेटी उघडावी असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याने आयुष्यात एक तरी अशी पेटी स्वतः बनवली, तो इतर पेट्यांसमोर हात जोडून उभा राहत नाही. तो प्रश्न विचारतो. असे नागरिक घडवणे हे शाळेचे काम आहे, आणि ते नुसत्या पडद्यावर चित्रे दाखवून होत नाही.

आक्षेप आणि आमचे उत्तर

पहिला आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो अगदी रास्त आहे. इंजेक्शनच्या नळीत पेट्रोल साधारण तीन बार दाबाने वाहते. नळी निसटली आणि ठिणगी पडली तर काय होईल, हे सांगायला नको. इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद खोलीत जीव घेऊ शकतो. म्हणूनच आमची योजना अशी आहे, की पहिले पूर्ण वर्ष पेट्रोलचा एक थेंबही शाळेत येणार नाही. मेगास्क्वर्ट बनवणाऱ्यांनीच एक युक्ती रूढ केली होती. सेन्सरांच्या जागी फिरवायच्या कळा आणि इंजेक्टरांच्या जागी छोटे दिवे असलेला एक लहान बोर्ड जोडायचा. कळ फिरवली की संगणकाला वाटते इंजिन तापले किंवा धावू लागले, आणि दिवे त्या हिशेबाने लुकलुकतात. शिकण्यासारखे जे आहे त्यातले बहुतेक याच टप्प्यात शिकून होते. दुसऱ्या वर्षी इंजिन लोखंडी चौकटीवर पक्के बसवायचे, ते चालवायचे फक्त उघड्या पटांगणात, अनुभवी मिस्त्री व शिक्षक हजर असताना, अग्निशामक जवळ ठेवून आणि एका बटणात पेट्रोलचा पंप बंद होईल अशी सोय करूनच.

दुसरा आक्षेप कायद्याचा. ही पेटी कोणाच्या गाडीत बसवायची नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार वाहनात करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. सार्वजनिक रस्ता ही प्रयोगाची जागा नव्हे. उत्साहाच्या भरात दादाची मोटारसायकल उघडून बसणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. आपले इंजिन चौकटीवर राहील आणि तिथेच चालेल.

तिसरा आक्षेप असा : विजेवर चालणाऱ्या गाड्या येत असताना पेट्रोलचे इंजिन कशाला शिकायचे? आमच्या मते शिकायचे आहे ते पेट्रोल नव्हे. मोजायचे, ठरवायचे, कृती करायची आणि परिणाम पुन्हा मोजून चूक दुरुस्त करायची, हे चक्र शिकायचे आहे. विजेच्या गाडीतही मोटरचा कोन मोजून, प्रवाह मोजून, योग्य क्षणी योग्य वेटोळ्याला वीज देणारा संगणकच असतो. विचाराची पद्धत तीच. मग इंजिनच का? कारण ते भंगारात सहज मिळते, आणि बिघडले की खोकून, ठोकून, धूर सोडून आपली तक्रार मोठ्याने सांगते. शिकणाऱ्याला असा बोलका गुरू चांगला.

चौथा आक्षेप परीक्षेचा. दहावीच्या वर्षी असले उद्योग परवडतील का? म्हणून नववीत पहिला टप्पा, दहावीला पूर्ण विश्रांती आणि अकरावीत दुसरा टप्पा, अशी आखणी आम्ही केली आहे. आठवड्यातून एक दिवस, शाळा सुटल्यावर दोन तास. शिकवणीच्या वेळांशी त्याचा झगडा होईल, हे खरे. पण दर संध्याकाळी उत्तरे पाठ करणाऱ्या मुलाला आठवड्यातले दोन तास प्रश्न विचारण्यासाठी मिळाले, तर त्याचे गुण घटतील असे आम्हांला वाटत नाही.

पाचवा आक्षेप कोणी उघड बोलून दाखवत नाही, पण मनात असतो. 'आमच्या मुलाला काय मेकॅनिक व्हायचे आहे?' होऊ द्या की! ज्याला इंजिन कळते, विद्युत् मंडल कळते आणि आज्ञावली वाचता येते, असा माणूस मकरपुऱ्याच्या कारखान्यांना हवा आहे, हालोलच्या मोटार कारखान्याला हवा आहे आणि गावातल्या प्रत्येक चांगल्या गॅरेजलाही हवा आहे. आणि जी मुले पुढे डॉक्टर, वकील किंवा शिक्षक होतील, त्यांचेही यात नुकसान काहीच नाही.

आमची मागणी

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे, की कार्यशाळेच्या खोलीबाबतचा निर्णय एका शैक्षणिक वर्षासाठी पुढे ढकलावा. डिजिटल वर्गाला आमचा विरोध नाही. तो वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या वर्गात करता येईल. वाईस, लेथ आणि फरशीत रोवलेली मशीनची जोती मात्र एकदा उखडली की पुन्हा बसणार नाहीत. पहिल्या वर्षाचा खर्च म्हणजे चार-पाच बोर्ड, सुटे भाग, झाळण्याची साधने आणि मल्टिमीटर. त्याचा तपशीलवार अंदाज आम्ही मंडळाला स्वतंत्रपणे लेखी देत आहोत. खोलीची साफसफाई, रंगकाम आणि लेथ मशीनची दुरुस्ती आम्ही माजी विद्यार्थी स्वतः करू. त्यासाठी शाळेने एक रुपयाही देऊ नये. वर्षअखेरीस मुलांनी बनवलेला बोर्ड दिवे लुकलुकवून दाखवू शकला नाही, तर मंडळाने खुशाल खोली ताब्यात घ्यावी.

पालकांना विनंती अशी, की ज्यांचा कारखान्याशी, गॅरेजशी किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाशी संबंध आहे, त्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ द्यावी. तुमच्या मुलाने हात काळे करून घरी आल्यावर रागावू नये, ही दुसरी विनंती. साबणाने ते निघते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला विनंती नाही, निमंत्रण आहे. येत्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा सुटल्यावर कार्यशाळेच्या दाराशी या. किल्ली मागून घेण्याची जबाबदारी आमची. त्या दिवशी काम एवढेच : ताडपत्री काढायची, वाईसला तेल द्यायचे आणि ३६ दात्यांच्या चक्राची आखणी पोलादाच्या पत्र्यावर करायची. कोनमापक व कंपास सोबत आणा. ३६० ला ३६ ने भागायचे आहे, तेवढे तुम्हांला नक्की येते.